गायरानातलं माहेर

बाज ताणायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक माणूस आमची कारभारीण असेल तर दुसऱ्यानं आधी देवाचं नाव घेतलेलं बरं. बाज ताणताना नवऱ्याच्या इतक्या चुका काढणारी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात झाली नसेल. जिल्हा मी बऱ्यापैकी पाहिलाय, पाथर्डीपासून कोल्हारच्या पुलापर्यंत बैल घेऊन हिंडलोय, म्हणून सांगतो. त्या सकाळी मी पायथ्याला टाच लावून दोरी ओढत होतो आणि ती मधल्या विणीवर मूठ आपटून बघत होती. "ओढा की. भाकरी खाल्ली न्हाई का?" मी ओढलं. "आता लई ओढलं. मोडताय का?" मी सैल सोडलं. "सोडलं कशाला?" चाळीसच्या वर वर्षं संसार झाला, तो सगळा असाच. ओढलं तर का ओढलं, सोडलं तर का सोडलं. ती बाज आमच्यासाठी नव्हतीच. गायरानातली कौसल्या त्या रात्री आमच्याकडे निजायला येणार होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या यष्टीनं तिला तालुक्याला सातवीच्या परीक्षेला न्यायचं होतं, आणि नेणार आमची कारभारीण. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्याचं पुढचं मागाहून सांगतो. आधी बाई काय चीज होती ते सांगू द्या, नाहीतर नुसतं रडगाणं होईल, आणि रडगाणं तिला चालत नसे. कुणी मयताला मोठ्यानं रडलं तरी ही पाण्याचा तांब्या पुढं करून म्हणायची, "घे, पी, आन् मग सांग, त्यो जित्ता असताना किती येळा भेटाय गेल्तीस?"

तिच्या डोक्यात जगाचे दोन भाग होते. एक तिचं माहेर आणि दुसरं उरलेलं. उरलेल्यात मी, माझं गाव, पुणं, मुंबई आणि सरकार हे सगळं येत होतं. माहेर नदीकाठचं. त्याचं नाव लिहून आता उपयोग नाही, यष्टीच्या पाटीवरूनसुद्धा ते पुसलंय. आमचं गाव माळरानावरचं, आणि ही नदीत पोहलेली. पहिल्या दिवशी आमच्या विहिरीत वाकून बघून म्हणाली होती, "हितं पानी हाय का पान्याची आठवन?" तिच्या माहेरची वांगी मऊ, तिच्या माहेरची माणसं शहाणी, तिच्या माहेरचं मीठसुद्धा आमच्या मिठापेक्षा जास्त खारट. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी माझ्या घरात ती पाहुण्यासारखी बोलायची. "तुमच्याकडं डाळीला असंच करत्यात का?" डाळ स्वतः केलेली असायची.

आम्हाला मूल झालं नाही. हे सांगून टाकतो, म्हणजे मनात अडकून राहायला नको. आमच्या गावात बारसं असलं की बायका आमच्या दारावरून गुपचूप जायच्या. हिला बोलावणं नसायचं. का नसायचं ते तिला कळायचं, मला कळायचं, आणि आम्ही दोघंही त्या दिवशी उगीच जोंधळे निवडत बसायचो. पण तिच्या माहेरात उलटं. तिथले सगळे बाप्ये नात्यानं नाहीतर गावकीनं तिचे भाऊ, म्हणजे सगळ्यांच्या पोरांची ही आत्या. पाळण्यात घातलेल्या पोराच्या कानात नाव आत्यानंच सांगायचं असतं. तिथं हिच्याशिवाय पाळणा हलत नसे. निरोप आला की मी निमूट गाडी जुंपायचो. एक दिवस आणि वर निम्मा, एवढी वाट. ही तिथं जाऊन पोराच्या कानात कुर्र करून नाव सांगायची आणि परतीच्या वाटेवर मला ते नाव ऐकवत यायची, जसं काही बाळंतपण हिचंच झालंय. एकदा तिला कौसल्या हे नाव आवडलं. तीन वर्षांत तीन घरच्या पोरींना तेच ठेवलं. मी म्हणालो, "अगं, दुसरं नाव न्हाई का जगात?" तर म्हणाली, "चांगलं लुगडं एकदा नेसून टाकून देतं का कुनी?"

मग नदीवर धरण झालं. आठवडाभर ती जेवताना एकच विचारायची, "आमच्या पाराच्या वर येईल का वं पानी?" मी म्हणायचो, "न्हाई येत." आलं. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात सरकारनं त्या गावातली काही घरं ट्रकात भरून आमच्या गायरानात आणून टाकली. जमिनी पुढं मिळतील, तोवर इथं पत्र्याच्या शेडात राहा, असा हुकूम. गाव खवळलं. आमची गुरं चरायची कुठं? चावडीवर अर्ज लिहिला गेला की हे लोक इथनं हलवावेत. त्यावर सही करणाऱ्यांत मी तिसरा. मी तिसरी शिकलोय, तीही निम्मी, पण सही झोकात करतो. सही करून घरी आलो तर दार सताड उघडं, चुलीवर भाकरी करपलेली आणि बाई गायब. गायरानाकडं बघितलं. वर्षभर गुडघ्यांच्या नावानं खडे फोडणारी माझी बायको काष्टा वर खोचून ट्रकामागं पळत होती. आणि ट्रकातनं पोरं ओरडत होती, "आत्या! आत्या आली!"

त्या दिवसापासून माझी खरी फजिती सुरू झाली. चाळीस वर्षं ही भांडणात म्हणायची, "जाते मी माहेराला." म्हणायचीच फक्त, कारण गाडी माझी, बैल माझे. आता माहेर दोन शेतं ओलांडून. भाजीत मीठ कमी म्हटलं की चालली माहेराला. तिथनं आणायला मलाच जावं लागायचं. शेडापाशी पोचलो की तिथली म्हातारी माणसं उठून उभी राहायची. "जावईबापू आले, पाय धुवायला पानी आना." त्यांना पिण्याचं पाणी कोसावरनं आणावं लागत होतं, तरी माझ्या पायांवर तांब्याभर ओतायचे. ज्यांना हाकला म्हणून सही केली, त्यांच्या दारात साठी ओलांडलेला मी जावई म्हणून गुळाचा चहा पीत बसायचो. चहा कडू लागायचा. गुळाचा काही दोष नव्हता. पोरं तर मला 'आतोबा' म्हणायची. आत्याचा नवरा म्हणजे आतोबा, नातं बरोबर आहे, पण मला ते नाव खरजेसारखं चिकटलं. रस्त्यानं चाललो की मागनं, "आतोबा, ओ आतोबा!" मी मागं वळून बघत नसे. नाव कोणालाही लागू होऊ शकतं, आपण कशाला ओळख द्यायची?

कारभारणीला चार दिवसांतच दिसलं की पोरं दिवसभर शेडापाशीच आहेत. शाळेत का नाही? तर गुरुजी म्हणाले, दाखला आणा. आमच्या शाळेचे गुरुजी वाईट नव्हते, पण नेमाचे होते. आधीच्या शाळेचा दाखला असल्याशिवाय पटावर नाव घालता येत नाही. आधीची शाळा पाण्यात. तिचे मास्तर बदलून कुठं गेले ठाऊक नाही, आणि रजिस्टर कुठल्या कचेरीत आहे हे तीन कचेऱ्यांनी तीन प्रकारे सांगितलं. कारभारीण सगळी पोरं गोळा करून शाळेच्या पायरीवर जाऊन बसली, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट ठेवून, एका अंगाला सरकून. मी मागनं गेलो होतो, तिला आवरायला. आवरलं काहीच नाही, पण ऐकलं सगळं.

गुरुजी म्हणाले, "बाई, दाखला हवा. जन्मतारीख हवी. नाव खरं कशावरून?"

"मी ठेवलंय की."

"तुम्ही?"

"या सगळ्यांच्या कानात मी नाव सांगितलंय. ही तान्ही हुती तवा हिचा कान एवढासा हुता. कान तुमच्यापुढं हाय, त्यात सांगनारी तुमच्यापुढं हाय. आनि कसला दाखला पायजे?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "बरं, जन्म कधीचा?"

मग काय, बाईनं तोंड सोडलं. ही भुईमूग काढायच्या वख्ताला, अमावस्या हुती. ह्यो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्या बापाचा बैल हरवला हुता. ही हुरड्याच्या दिवसांत, नदी उतरली तवा. गुरुजी वैतागून म्हणाले, "सगळ्यांची एक जून लिहितो. तशीच पद्धत आहे." ती ताडकन उठली. "एका दिवशी? समदी? गुरुजी, गावात बाया हुत्या का अंडी उबवनाऱ्या कोंबड्या?" वर्गातली पोरं खिदळली, गुरुजीही हसले, आणि हसले म्हणून तेवढ्यापुरतं पोरांना मागं बसू दिलं. बसू दिलं एवढंच. पटावर नाव नाही. हजेरी घेताना सगळ्यांची नावं व्हायची आणि ही पोरं माना खाली घालून बसायची. तीन कौसल्यांपैकी एकीचंही नाव नाही.

बसू दिलं तर गावची पोरं चिडवायची, "बुडीतवाले, बुडीतवाले." त्यावर हिनं काढलेला उपाय ऐका. ही चिडवणाऱ्या पोराच्या घरी जायची, आईपाशी बसायची, आणि एवढंच विचारायची, "तुझं माहेर कुठलं गं? असं व्हय? तितं बी धरनाची मोजनी चाललीय म्हन." धडधडीत खोटं! पण एका बाईनं चार दिवस अन्न टाकलं, दुसरीनं भावाला कचेरीत चौकशीला पिटाळलं, आणि चिडवणं असं थांबलं की गुरुजींच्या छडीनंही थांबलं नसतं. मी म्हणालो, "अगं, पाप लागंल." म्हणाली, "लागू द्या. त्या रडल्या ना माहेरासाठी? मंग आता त्यास्नी कळंल."

शेवटी गुरुजींनीच मार्ग काढला. पोरांची नावं, जन्म, आईबापाचं नाव हे सगळं एका कागदावर लिहायचं आणि खाली गावच्या खातेदारानं हमीची सही करायची, की ही माणसं खरी, मी ओळखतो. मग वरच्या साहेबाला पाठवून पटावर घेता येईल. कारभारणीचा अंगठा चालत नव्हता. सातबारा माझ्या नावावर. ती कागद घेऊन आली. मी म्हणालो, "न्हाई. ह्याच हातानं हाकलायच्या अर्जावर सही केलीया. गाव तोंडात शेण घालंल." ती भांडली नाही. माहेरीही गेली नाही. आठ दिवस तिनं माझी एकही चूक काढली नाही. मी मुद्दाम चपला घरात घातल्या, बैलाचं दावं सैल बांधलं, पाण्याचा हंडा उघडा ठेवला. एक अक्षर नाही. आठ दिवसांत मी दोन शेर उतरलो असेन. ज्याची बायको चुका काढते तो माणूस सुखी असतो, हे त्याला तोवर कळत नाही.

तेवढ्यात कौसल्येचा बाप आला. तीन कौसल्यांतली थोरली, सातवीतली, हुशार. तिचा बाप नामदेव म्हणजे कारभारणीच्या चुलत्याचा मुलगा. पडवीत उकिडवा बसला आणि म्हणाला, "आक्का, दसरा झाला की आमी उसाला चाललो. मुकादमाला हो म्हनून आलोय. पोरीला घिऊन जातो. जितं नावच न्हाई तितं बसून ती काय करनार? मोळ्या तरी बांधंल."

नामदेव गेला. मग ही माझ्यापुढं ताट ठेवून म्हणाली, "मला पोर झालं न्हाई. तुमी त्यावरनं एकदा बी बोलला न्हाई, ते मी इसरले न्हाई. पन हिचं नाव मी ठेवलंय. आता ते कुठंच लिवलं गेलं न्हाई, तर मंग मी केलं काय वं जल्माला येऊन?"

मी जेवलो नाही. उठलो, शाळेत गेलो, सही ठोकली. कागदावर एक रकाना होता, विद्यार्थ्यांशी नाते. गुरुजींनी विचारलं, "काय लिहू?" मला त्या क्षणीही धीर झाला नाही. मी म्हणालो, "शेजारी लिवा." चावडीवर महिनाभर मला 'फुटलेला जावई' म्हणत होते. म्हणू द्या. घरी आलो तर कारभारीण दारात उभी. माझ्याकडं बघून म्हणाली, "हंडा उघडा टाकून गेल्ता, मांजर तोंड घालून गेलं." एवढं बरं वाटलं की काय सांगू.

पुढं साहेबाची मंजुरी आली, नावं पटावर चढली. पहिल्या दिवशी हजेरीला गुरुजींनी "कौसल्या नामदेव" म्हटलं आणि आतल्या पोरीच्या आधी बाहेर खिडकीपाशी उभी असलेली आमची बाईच "हजर!" म्हणून ओरडली. नामदेव बायकोला घेऊन उसाला गेला, पोरगी आजीपाशी शेडात राहिली. दुपारची आमच्या पडवीत अभ्यासाला यायची. दुष्काळाचं साल, विहिरी कोरड्या, पण पडवीत धडे चालू. कारभारणीला अक्षर येत नव्हतं, तरी परीक्षा घ्यायची. पोरगी वाचताना अडखळली की चुकलं, न अडखळता वाचलं की बरोबर. एकदा धरणाचे फायदे असा काही मजकूर आला. हिनं तो तीनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "परीक्षेत असंच लिव. मार्क देतील. बाकीचं मला ठाऊक हाय." आणि जोंधळे पाखडायला निघून गेली. पोरगी माझ्याकडं बघत राहिली, मी बैलाकडं.

तर ती बाज. दोरी आवळली, गाठ मारली. म्हणाली, "बघू बरं कशी झालीया," आणि आडवी झाली. एका कुशीवरनं दुसऱ्या कुशीवर वळून बघितलं. म्हणाली, "ढिलीच हाय. तुमचं पयल्यापासून ह्येच." डोळे मिटले. मला वाटलं, मला राबवून आता झोपली. मी बैलाला पेंढी टाकली, राहिलेला सुंभ गुंडाळला, आणि ओरडलो, "अगं, ऊन आलं तोंडावर, ऊठ." उठली नाही. तोंडावर ऊन आलेलं तिला कधी खपत नसे, म्हणून मी जवळ गेलो.

संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. सवाष्ण गेलेल्या बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. आमच्या भावकीतली एक बाई कुजबुजली, "हिला कुठलं आता माहेराचं?" तोच गायरानातनं माणसं आली, सगळी, उसावरनं परतलेला नामदेव पुढं, हातात हिरवं लुगडं. त्या सालात त्यांनी ते कुठनं आणलं हे मी विचारलं नाही. खांदाही त्यांनीच दिला. बारशाला जिला बोलावलं नाही तिच्यासाठी आमचं गावही वेशीपर्यंत आलं. कारभारीण असती तर पाण्याचा तांब्या पुढं करून एकेकीला बरोबर विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी उठलो. अंगणात गेलो, बाजेवर मधोमध मूठ आपटून बघितली. ढिलीच होती.

मग गायरानात गेलो. शेडाच्या दारात कौसल्या धुतलेला परकर-पोलका घालून, पेन मुठीत धरून बसली होती आणि नामदेव तिची समजूत घालत होता, की पुढल्या साली बघू, आत्याच न्हाई तर नेनार कोन, आन् सुतकात असल्या कामाला जात न्हाईत. मला बघून तो उभा राहिला. पाय धुवायला पाणी आणा म्हणायला निघाला असेल, पण म्हणाला नाही. मी पोरीला म्हणालो, "ऊठ. यष्टी निघून जाईल." नामदेव म्हणाला, "दाजी, लोकं काय म्हनतील? तुमी उंबरा वलांडायचा न्हाई आज." मी म्हणालो, "राख सावडायला उद्या येतोच हाय. राख कुठं जात न्हाई, यष्टी जाती."

तालुक्याच्या शाळेत फाटकाशी एक मास्तर बसलेले. पोरीचा नंबर बघितला, नाव बघितलं, मोठ्यानं वाचलं, "कौसल्या नामदेव." या वेळी मागनं कुणी "हजर" म्हणालं नाही. मी पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "हजर हाय." मास्तरांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "आपण मुलीचे कोण?"

"आतोबा," मी म्हणालो. "मी हिचा आतोबा."

पोरगी आत गेली. मी पायरीवर बसलो, कारभारीण बसायची तसा, एका अंगाला सरकून.